नजरेचे शंभर

सहा हजार दोनशे. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर त्या सकाळी तिला एवढे पक्षी मिळाले: चिमणीएवढे टिलवे चार हजार नऊशे, चिखल्या नऊशे, बाकीचे चारशे कुरव आणि शेकाटे. तिने आकड्याखाली रेघ मारली आणि बांधावरून चालत काकांकडे गेली.

"बासष्टशे," ती म्हणाली. "तुमचे?"

काकांनी वहीवरचा तळवा उचलला. "एक्केचाळीसशे."

आकडा पाच हजारांच्या खाली गेला की खाडीकाठच्या या खाजणाचं संरक्षण जाणार होतं. मग तिथे जेट्टी. हिवाळ्यातली ही सातवी आणि शेवटची फेरी होती. संध्याकाळी मोजणी करवणाऱ्या मंडळाला फॉर्म पाठवायचा होता, त्यावर एकच आकडा आणि दोघांच्याही सह्या.

काका तिच्या नात्यातले नव्हते. बंदरातल्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर ते पक्षी मोजायला लागले, आणि पाच हिवाळ्यांपूर्वी तिला त्यांनीच शिकवलं. पहिली दोन वर्षं दोघांचे आकडे जवळजवळ सारखे यायचे. तिसऱ्या वर्षी जेट्टीचा आराखडा आला आणि त्याच हिवाळ्यापासून फरक पडायला लागला. त्यांचा जावई जेट्टीच्या ठेक्यावर होता. गळ्यातली नवी दुर्बीण त्यानेच दिलेली. मोजताना ते वही झाकून ठेवायचे. का, असं तिने एकदा विचारलं होतं. "आकडा कानावर पडला की डोळे तोच शोधत बसतात," ते म्हणाले होते.

उत्तर जरा जास्तच तयार वाटलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. काट्यावरच्या माणसाला कमी दाखवायला कुणी शिकवावं लागत नाही. घरी बसून तिने तोवरच्या सगळ्या फेऱ्यांचा तक्ता केला. यंदा सहापैकी सहाही वेळा त्यांचा आकडा तिच्याहून कमी होता. साधी चूक असती तर कधी इकडे झुकली असती, कधी तिकडे. एकाच बाजूला झुकते ती चूक नव्हे. तक्त्याच्या आधारे तिने मंडळाच्या सचिवांना पत्र लिहिलं: यांना मोजणीतून काढा. पत्र चार दिवस तिच्या पिशवीत होतं.

दुपारी काकांच्या स्वयंपाकघरात फॉर्म टेबलावर ठेवला गेला. काकूंनी चहा दिला.

"जावईबापूंचं काम जोरात असेल," ती म्हणाली.

"सरळ विचार ना, पोरी. आडून कशाला?"

"तुम्ही कमी मोजता."

काकूंनी गॅस बंद केला. काकांनी कप बाजूला सरकवला. मग काकूंना म्हणाले, "वाटाण्यांचा डबा काढ गं."

शिकवणी याच टेबलावर झाली होती. थव्यातले शंभर एकदा नीट मोजायचे, तो तुकडा नजरेत धरायचा, आणि मग पुढचा सगळा थवा त्या तुकड्याने मापत जायचा. तुकडा लहान पडला तर आकडा फुगतो, मोठा पडला तर घटतो. तेव्हा पक्ष्यांच्या जागी वाटाणेच होते.

"न मोजता शंभर वेगळे काढायचे," ती म्हणाली. "दोघांनी. तीन वेळा. एकदाच केलं तर योगायोग म्हणाल. ज्याचे शंभर बरोबर, त्याचा आकडा फॉर्मवर."

"मान्य."

काकूंनी काळी घोंगडी पसरली आणि डबा उपडा केला. "सांडू नका. मोजून झाले की भिजत घालायचेत."

काकू मोजणार होत्या. त्यांच्यामागून ती स्वतः पुन्हा मोजणार होती. घरच्या माणसावर सोडायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं.

पहिल्या वेळी काकांचे अठ्ठ्याण्णव निघाले. तिचे सदुसष्ट.

"थंडीने आकसले की काय तुझे?" काकू म्हणाल्या.

तिने पुन्हा मोजले. सदुसष्ट.

दुसऱ्या वेळी काकांचे एकशे तीन. तिचे पासष्ट. तिने पायानेच पिशवी टेबलाखाली आत सरकवली.

तिसऱ्या वेळी काकांनी घोंगडीवर हात फिरवून आपला ढीग वेगळा केला आणि खिडकीबाहेर बघत बसले. तिने घाई केली नाही. बोटाने एक तुकडा वेगळा ओढला. कमी वाटला, म्हणून आणखी थोडे त्यात ओढले. मान मागे घेऊन पाहिलं. आता शंभराहून जास्त दिसत होते. चार वाटाणे तिने परत ढकलले. पुन्हा पाहिलं. शंभर. अगदी शंभर. पैज लावली असती.

काकांचे सत्त्याण्णव निघाले.

तिचे काकूंनी मोजले, मग तिने मोजले.

सहासष्ट.