बेचाळीस दारं

"वहिनी, मी कोंडली गेलेय," वॉकीटॉकीतून आठव्या मजल्यावरून नणंदेचा आवाज आला. आवाजात भीती नव्हती, तक्रार होती.

तळमजल्यावर, आगीच्या अलार्मच्या लाल पेटीसमोर उभ्या असलेल्या वहिनीने भोंगा थांबवला आणि शेजारच्या पडद्याकडे पाहिलं. इमारतीतल्या बेचाळीस दारांचे बेचाळीस दिवे. सगळे हिरवे व्हायला हवे होते. सगळे लालभडक.

तालीम फसली होती. वाजले होते दहा चाळीस आणि अकराला फायर ब्रिगेडचे साहेब तपासणीला यायचे होते. नणंद-भावजयीने मिळून कामाला घेतलेली ही पहिलीच अख्खी इमारत. अलार्म वहिनीचा, दारं नणंदेची. एक जरी दार अडलं तरी काम काढून मोठ्या कंपनीला देणार, हे मालकाने गोड हसून आधीच सांगून ठेवलं होतं.

"अगं, अलार्म वाजला की कुलपं सुटायला हवीत. तू तर आवळलीस."

"तूच लिहिलंयस तसं. पेटीवरचा कागद वाच."

वहिनीने वाचला. तिचंच अक्षर, तेही जाड पेनाने. 'आग लागली की सगळी कुलपं बंद.'

"बरोबरच लिहिलंय. विजेची कुलपं आहेत ही. वीज असेपर्यंत दार धरून ठेवतात. बंद केली, वीज गेली, की दार सुटलं."

"कुलूप बंद म्हणजे कुलूप लागलं, वहिनी. कुणालाही विचार."

"मी गॅस बंद कर म्हटलं की तू गॅसला कडी लावतेस का?"

"आणि मी दार बंद कर म्हटलं की तू दाराची वीज काढतेस का?"

मग दोघींना एकदमच हसू फुटलं, आणि एकदमच घड्याळ आठवलं.

वहिनीने अलार्म पूर्ववत केला. "आता कार्ड दाखव, दार उघडेल. ये बाहेर."

"बाहेर येऊन काय करू? दारांचा कॉम्प्युटर इथेच आहे."

त्यावर एकेका दारापुढची 'आवळा'ची खूण बदलून 'सोडा' करायची होती. बेचाळीस वेळा. आणि दर वेळी तो कॉम्प्युटर सावकाश विचारणार, खात्री आहे का?

"विचारू दे गं. आहे म्हण."

"सात झाली. आठ."

वहिनीचा पाय एका जागी ठरेना. खरं तर घाम फुटायला हवा होता. पण अंगात काहीतरी सळसळत होतं, आणि ती भीती नव्हती हे कबूल करायला तिला जरा लाजच वाटली.

दहा त्रेपन्नला काचेचं दार ढकलून साहेब आत आले. बारीक, नीटनेटके. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला धुराचा डबा.

"लवकर आलात साहेब."

"आग काय विचारून येते?"

"एकतीस," वॉकीटॉकी म्हणाली.

"हे काय एकतीस?"

"दारं मोजतोय," वहिनी म्हणाली. खोटं नव्हतं ते.

साहेबांनी चष्मा सावरून पेटीवरचा कागद वाचला. मग वहिनीकडे पाहिलं. मग परत कागद वाचला. खिशातून घड्याळ काढलं. "अलार्म वाजल्यापासून तीस सेकंद. तेवढ्यात सगळी दारं सुटली पाहिजेत."

"चहा तरी घ्या."

"नंतर."

"छत्तीस."

काठी छताकडे गेली, धूर ओळखणाऱ्या पांढऱ्या डबीखाली. फुस्स. डबीला धूर कळायला दहा-बारा सेकंद लागतात. असल्या शेकडो डब्यांना वहिनीने आजवर आळशी म्हणून शिव्या घातल्या होत्या. आज पहिल्यांदाच तिने एकीला मनातल्या मनात हात जोडले. बाई गं, जरा दमानं घे.

"अडतीस. एकोणचाळीस. चाळीस."

भोंगा फुटला. आठही मजले एकदम किंचाळले. साहेबांनी घड्याळ दाबलं.

टक्क. समोरचं दार बोटभर सुटलं. टक्क, जिन्याचं. पडद्यावर हिरवे दिवे खालून वर धावत सुटले. वहिनी ओठ हलवत मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. थांबले. मग एकेचाळीस. एकच लाल उरला, आठव्या मजल्यावरचा. नणंद बसली होती त्याच खोलीचा. स्वतःचं दार तिने शेवटी ठेवलं होतं.

"बावीस," साहेब म्हणाले. "तेवीस."

भोंग्यात वॉकीटॉकी ऐकू येईना. वहिनीने ती तोंडाशी धरली आणि लग्न होऊन आल्यापासून नणंदेवर कधी ओरडली नव्हती तशी ओरडली, "आहे म्हण त्याला. खात्री आहे म्हण."

"सव्वीस."

लाल दिवा मिटला. हिरवा लागला.

साहेबांनी घड्याळ थांबवलं. पडद्यावरच्या बेचाळीसही दिव्यांवरून काठीचं टोक एकेक करत फिरवलं आणि फॉर्मवर सही केली. तोवर जिन्यावरून धाडधाड पावलं उतरली. नणंद, चपला हातात, केस विस्कटलेले, चेहरा परीक्षेत पहिली आल्यासारखा. "येताना दिसेल ते दार ढकलत आले," ती धापा टाकत म्हणाली. "एकही अडलं नाही."

"छान," साहेब भोंग्याकडे काठी दाखवत ओरडले. "आता हे बंद करा. कान किटले."

वहिनीचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. तिने नणंदेकडे पाहिलं, नणंदेने तिच्याकडे.

"बंद म्हणजे?" दोघींनी एकदमच विचारलं.