कोरडी रद्दी

छबूबाई पोतं घेऊन शाळेत गेली, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मावशी, यापुढं रद्दी मिळायची नाही. मुलं तिचाच नवा कागद करणार आहेत."

व्हरांड्यात छबूबाईची लेक दीक्षा पाहुण्यांना लगद्याची बादली दाखवत होती. चारचौघांत तोंड न उघडणारी पोर आज घडाघडा बोलत होती. छबूबाईनं तिला हाक मारली नाही. रिकामं पोतं काखेत मारून ती मागच्या फाटकानं निघून गेली.

संध्याकाळी दीक्षानं स्वतः केलेला कागद आईला दाखवला आणि दाखवता दाखवता तिचा चेहरा उतरला. "आई, आता तू रद्दी कुठून आणशील? बाईंना सांगू का मी?"

"काही सांगू नकोस. कधी नव्हे ती पुढं उभी राहिलीस तू."

शाळेच्या कोरड्या रद्दीमुळं छबूबाईचा कचरा डेपो सुटला होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डेपोवर कचरा वेचायला गेली. घरी येऊन तिनं साबणानं हात घासघासून धुतले, तरी वास जाईना. दीक्षा वेणी घालून घ्यायला पुढ्यात येऊन बसली.

कंगवा तिच्या हातात देत छबूबाई म्हणाली, "आजपासून तुझी तू घालत जा."