फरशीखालचं पाणी

सून बॅग भरत होती. लग्नाला तीन महिने होतायत तोवर म्हणते, "आई, या गावात काही घडतच नाही. मी पुण्याला परत जाते." मुलगा दारात उभा, नुसता नखं कुरतडतोय. बापावर गेलाय.

थांब म्हणणं माझ्या स्वभावात नाही. भर दुपार होती. गाव पेंगुळलेलं, किल्ल्यावरची कबुतरंसुद्धा गप्प. मी म्हटलं, "जायचं तर खुशाल जा. आधी स्वयंपाकघरात ये अन् फरशीला कान लाव."

"काय आहे तिथं?"

"तुला घडायला हवंय ना काहीतरी? ते."

फणकाऱ्यानंच ती स्वयंपाकघरात आली अन् फरशीवर आडवी झाली. आमच्या घराखालून दगडी नहर जाते. कुण्या राजानं तिच्यातून डोंगरातलं पाणी गावात आणलं. राजाचं नाव शिकलेल्यांना ठाऊक. राजा गेला, किल्ल्यावरची त्याची तोफ गंजली, पाणी मात्र वाहतंय. मी नवी नवरी असताना रडू आलं की इथंच निजायचे. पाणी पुटपुटत जायचं, अन् वाटायचं, माहेरचं कुणीतरी बोलत बोलत आपल्याकडेच येतंय.

हे सगळं मी तिला सांगत सुटले. तिनं डोळे न उघडताच हात वर केला.

"आई, जरा गप्प बसा ना. ऐकू येत नाहीये."

या घरात मला गप्प बसा म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मी गप्प झाले, आणि तिच्या शेजारी हळूच फरशीला कान लावला.