बेट सहावं

समुद्र ही माणसाच्या जिद्दीची अखेरची परीक्षा असते, असं गोरक्ष बोरस्ते निरोपाच्या भाषणात म्हणाला. समुद्र त्यानं तोवर कॅलेंडरवरच पाहिला होता. सायकलीशीही फार जवळीक नव्हती. वीस वर्षं स्कूटरवर काढून अडीच महिन्यांपूर्वी तो पुन्हा सायकलवर बसला होता, आणि त्याची बायको ज्योत्स्ना त्याच सुमारास आयुष्यात पहिल्यांदा.

कोकणकिनाऱ्याची सहा बेटं, आठ दिवस, दोन सायकली, एक तंबू. १९९८ सालच्या देवळाली कॅम्पात असलं काही कुणी केलेलं नव्हतं. सत्कार खरं तर परतल्यावर करायचा. पण प्रमुख पाहुणे पुढच्या आठवड्यात लग्नांमध्ये अडकले होते, म्हणून कॅम्पातल्या मंडळानं तो आधीच उरकला. शाल, नारळ, सन्मानचिन्ह. सन्मानचिन्हावर 'यशस्वी सफरीबद्दल' असं कोरून आणलं होतं. भाषण चालू असताना सरावाची तोफ धडाडली. कॅम्पातल्या एकानंही मान वर केली नाही. पाहुणे तेवढे दचकले.

शेजारच्या ठमाबाईंनी ओवाळलं. दोन्ही घरांत भिंत एकच. रोज सकाळी अंगणातल्या नळाला पाणी आलं की ठमाबाई भिंतीवर लाटणं ठोकून ज्योत्स्नाला हाक मारत. आता आठ दिवस हाक कोणाला मारायची, असं म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वकिलीचं पहिलं वर्ष, कोंबड्यांचा धंदा, हार्मोनियमचा क्लास, गोरक्षनं आजवर सगळं अर्ध्यावर सोडलं होतं. पेठला राहणारा तिचा भाऊ दत्तू कधीपासून म्हणत होता, ताई, तू इकडेच ये. सफरीहून आले की कळवते, असं तिनं त्याला लिहिलं होतं. ते पत्र टाकायला तिनं गोरक्षकडेच दिलं. त्यानं ते वाचलं, पुन्हा चिकटवलं आणि टाकलं.

"एवढं एक पुरं करा," इतकंच ती त्याला म्हणाली होती.

घोटीच्या अलीकडे त्याचा गुडघा गेला. कसारा घाट अजून पुढेच होता. तासभर दोघं रस्त्याच्या कडेला बसले. सत्काराचा नारळ फोडून खाल्ला. शेवटी एक रिकामा टेम्पो थांबला आणि सायकली त्यात चढल्या. कुठं सोडू, असं टेम्पोवाल्यानं विचारलं, तेव्हा गोरक्ष गुडघ्याकडे बघत राहिला. ज्योत्स्नानंच सांगितलं.

उतरले तेव्हा अंधार पडला होता. मागच्या बाजूनं येऊन, कुणी बघत नाही असं बघून, बॅटरी न लावता त्यांनी तंबू उभा केला. जमीन कठीण होती, खुंट्या शिरेनात. दोऱ्या सामानालाच बांधल्या. गोरक्षनं तंबूत शिरून डायरी काढली आणि लिहिलं, 'बेट पहिलं.'

तिसऱ्या दिवशी त्यानं 'बेट दुसरं' लिहिलं.

"आपण हललोच नाही," ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

"गुडघा हलू देत नाही. वाचणाऱ्याला काय कळतंय?"

परतल्यावर त्याचं अनुभवकथन ठरलेलं होतं. हॉल घेतला होता, पत्रिका वाटल्या होत्या. तेव्हा लिहिणं भाग होतं. सायकली बाजूला उभ्या राहिल्या आणि बेटं पुढे सरकत गेली. कुणी ओळखीचं पाहील म्हणून दोघं दिवसा बाहेर येत नसत, बोलत ते कुजबुजत. लांबून धडाड असा आवाज आला की गोरक्ष मान वर न करता म्हणे, "लाट फुटली." आणि डायरीत तसंच लिहून ठेवी.

त्याला दोन ओळींपुढे सुचत नसे. मग ज्योत्स्ना सांगू लागली. होडीत सायकली कशा आडव्या घातल्या, वाळूत चाकं कशी रुतली. चौथ्या बेटावर तिनं पुतळाबाई आणली. मासे सुकवणारी, एकटी राहणारी. पुतळाबाईनं दोघांना तांदळाची भाकरी दिली आणि ज्योत्स्नाला बाजूला घेऊन विचारलं, बाई, तू सुखात आहेस ना? हे गोरक्षनं लिहिलं नाही. सफरीशी त्याचा संबंध नाही म्हणाला. त्या दिवशी ज्योत्स्ना बराच वेळ पाठ करून पडून राहिली. असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि जिनं विचारलं ती कुठंच नव्हती.

निघण्याआधी भरून ठेवलेलं पाणी सहाव्या बेटापर्यंत तळाला गेलं होतं. आठव्या दिवशी सकाळी गोरक्षनं शेवटचं वाक्य लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि डायरी मिटली.

"झालं," तो म्हणाला. "पुरं झालं."

एकवीस वर्षांत हा शब्द तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. शाळेत पहिला नंबर आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. दत्तूला काय लिहायचं ते तिला त्या चेहऱ्याकडे बघताना समजलं. पुतळाबाई तिची होती, होडी तिची होती. लोक हॉलमध्ये प्रश्न विचारतील, तेव्हा तिला त्याच्या शेजारी बसावं लागणार होतं. त्या दिवशी, आणि मग कायमच.

उरलेलं पाणी तिनं दोन पेल्यांत सारखं ओतलं. पुढचं ठरलेलं होतं. संध्याकाळी मागच्या बाजूनं निघायचं, मोठ्या रस्त्याला लागायचं आणि दमल्यासारखं समोरून यायचं. गोरक्ष पेला तोंडाला लावणार, इतक्यात भिंतीवर लाटण्याचे तीन ठोके पडले.

"ज्योत्स्नाताई," पलीकडून ठमाबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आठ दिवसांत पिंप संपलं असंल तुमचं. नळ आलाय, भरून घ्या. आज अर्धाच तास हाय."