अमोलचा डावा हात

"माह्या जागी मशीन आणून राहिली का तू?"

अमोलनं हे विचारलं तेव्हा आचल गाडीच्या डिकीतून व्हीलचेअर काढत होती. तिनं चेअर उघडली, ब्रेक लावले, त्याच्या काखेत हात घालून त्याला खुर्चीत घेतलं. हे ती आता एकटी करायची. वरूडहून अमरावतीपर्यंत गाडीही तिनंच चालवत आणली होती.

अडीच वर्षांपूर्वी संत्र्यांची ट्रॉली उलटली आणि अमोल तिच्याखाली सापडला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं, पाय गेले. उजव्या हाताची बोटं मिटेनात. डावा हात तेवढा हळूहळू परत आला. आचल दिवसभर त्याचं सगळं करायची, पण तिनं सहज गालावर हात ठेवला तरी तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. गेल्या दिवाळीत तर त्यानं सांगूनच टाकलं होतं, "तू माहेरी जाय. दुसरं लगन कर. तू म्हणशीन तिथं मी सही करून देतो."

आचल माहेरी गेली नाही. ती त्याला अपघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, की पाय गेले म्हणून नवराबायकोपण जात नाही. हात आहेत, ओठ आहेत, मदतीला साधनंही मिळतात. अशी साधनं विकणाऱ्या अमरावतीतल्या या दुकानाचा पत्ताही त्यांनीच दिला. त्या दिवशी परतीच्या वाटेवर अमोल एक शब्द बोलला नव्हता. आज बोलला, ते हे मशीनचं.

औषधांच्या दुकानामागे एक स्वच्छ खोली होती. दीक्षा नावाची बाई ती चालवायची. आधी ती दवाखान्यात नर्स होती. तिनं दार लोटलं आणि टेबलावर काही वस्तू मांडल्या. काही बोटाएवढ्या, काही मुठीएवढ्या. भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात ती बोलायला लागली.

"पहिल्यांदाच घेताय ना? मग लहान घ्या. फक्त बाहेरून वापरायचं. चांगल्या सिलिकॉनचं, धुता येईल असं. वेग अगदी कमी ठेवता आला पाहिजे. सोबत पाण्याचं जेल न्या, तेल लावू नका." तिनं एक वस्तू आचलपुढे धरली. "धरून पाहा, ताई."

आचलचे कान तापले होते. तिनं हात पुढे केला नाही. आवाज मात्र कापला नाही.

"मले नका देऊ. यायच्या डाव्या हातात द्या. चालवायचं यायलेच हाय."

अमोलनं मान वर केली. "काय म्हणाली?"

"तुमच्या जागी नाई," आचल म्हणाली. "तुमच्या हातात. एकटीसाठीच घ्यायचं असतं त मोबाइलवर नसतं का मागवलं? तुमाले काहून आणलं असतं इतक्या दूर?"

दीक्षानं ती वस्तू अमोलच्या तळहातावर ठेवली.

ती निसटून मांडीवर पडली. अमोलनं ती उचलली, परत धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. "हे घसरते. दुसरं दाखवा." दुसरीचं बटण त्याच्या अंगठ्याला सापडेना. तिसरी सुरू करताच त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "हा आवाज हाय का फवारणीचा पंप? शेजारचे येतीन ना पाहाले!"

दीक्षा हसली. आचलही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. वरूडच्या बाजारात फळ पारखताना अमोल असाच बोलायचा. भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडायचा. अडीच वर्षांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता.

शेवटी एक वस्तू त्याच्या तळव्यात नीट बसली. थोडी वाकडी, रुंद, बटण उठावाचं. त्यानं अंगठ्यानं ते दाबलं आणि ती आचलच्या मनगटाच्या आतल्या बाजूला अलगद टेकवली. तो हाताकडे पाहत नव्हता. तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"जास्त होते का?"

"नाई."

"कमी करू?"

"राहू द्या."

कितीतरी दिवसांनी त्यानं तिला काही विचारलं होतं, आणि उत्तराची वाट पाहिली होती.

"हेच द्या," तो दीक्षाला म्हणाला. पिशवी आचलनं धरू पाहिली, पण त्यानं ती स्वतःच्या मांडीवर ठेवली. रस्त्यानं जाताना लोक खुर्चीकडे वळून बघत होते. अमोल आज खाली पाहत नव्हता.

दिवेलागणीला ते वरूडला पोचले. अमोलची आई, जमुनाबाई, त्याच्या खोलीत स्वतःची गादी झटकत होती. अपघातापासून तीच तिथं झोपायची. त्याला रात्री कुशीवर वळवावं लागे, आणि ते काम आईनं करावं, बायकोनं नाही, असं अमोलनंच ठरवलं होतं. आचलचं अंथरूण मधल्या खोलीत असायचं.

जमुनाबाईंची नजर पिशवीवर गेली. "काय आणलं रे?"

"आमच्या दोघांचं हाय, आई," अमोल म्हणाला. मग जरा थांबून, पण आवाज न पाडता म्हणाला, "आजपासून तू बाहेरच्या खोलीत नीज. मले वळवाले आचल हाय."

जमुनाबाईंनी लेकाकडे पाहिलं. तो डोळ्याला डोळा देऊन पाहत होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग काही न विचारता गादीची गुंडाळी केली, काखेत मारली आणि निघाल्या. उंबऱ्यावर मात्र थांबल्या.

"आचल, माय," मागं वळून न पाहता त्या म्हणाल्या, "दार आतून लावून घेजो."