हक्काचा रविवार

सुगंधानं धावत जाऊन सगळ्यांत उंच जाणारा झोका पकडला. "चैतू, बस लवकर! मी ढकलते."

तीन वर्षं ती मुंबईत दुसऱ्यांचं मूल सांभाळत होती आणि रोज संध्याकाळी त्याला याच बागेत झोके देत होती. तिची स्वतःची लेक गावी, आजीकडं वाढत होती. मे महिन्यात लेक दोन दिवस येणार म्हटल्यावर सुगंधानं कितीतरी आधीच रविवारचा बेत ठरवला. बागेला तिकीट नव्हतं, डब्यात चपातीभाजी होती, नंतर समुद्रात पाय भिजवायचे होते. पण सगळ्यांत आधी झोका.

"ढकलायला नको गं," चैतू म्हणाली. "मला येतं आता. आजीनं चिंचेला दोर बांधून शिकवलं." पायांनी जमीन रेटत ती एकटीच उंच गेली.

सुगंधाचे पुढं केलेले हात तसेच राहिले.

चैतूनं वरून आईकडं पाहिलं. मग पाय घासत तिनं झोका थांबवला. "बरं, ढकल. पण खूप जोरात हं!"

पहारेकऱ्यानं बाग बंद व्हायची शिट्टी वाजवली, तरी सुगंधा झोके देतच होती.