रंगमंचाखालचा पाळणा

चौथ्या वन्स मोअरला सीता अर्धी भूमीत गेली आणि रहाटाची खिट्टी मोडली. सगळा भार माझ्या दोन हातांवर आला.

रंगमंचाखालचा तो पाळणा मीच रहाट फिरवून वरखाली करायचो. सीता गात गात खाली उतरायची, आणि मिरजकरांनी वन्स मोअर दिला की तिला पुन्हा वर काढायचं. सीता म्हणजे आमचे गंगाधरपंत. वीस जिलब्या रिचवून मग लुगडं नेसणारा गडी. नियम एकच होता: खिट्टी बसल्याशिवाय रहाट सोडायचा नाही. आता हात सुटला असता तर पंत थेट बारा फूट खाली आले असते.

"पंत, खिट्टी गेली! खाली घेतो!" मी ओरडलो.

"थांब रे म्हादबा," ते तानेतच म्हणाले, "अंतरा राहिलाय!"

त्या अंतऱ्यात माणूस सांगलीला चालत जाऊन परत आला असता, खोटं नाही सांगत. पाळणा कसाबसा टेकवला, तर वर पुन्हा वन्स मोअर! पंतांनी माझे सोललेले तळवे पाहिले. पदर खोचून ते जिन्याने रंगमंचावर गेले आणि हात जोडून म्हणाले, "मायबाप, भूमाता दमली आहे."

मग पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई दुधाचा पेला घेऊन खाली आल्या.

"भूमाता कुठंय?"

मी हात वर केला. माझ्या मिशांकडे बघून त्या जरा थबकल्या. "असू दे. पी बाळा."

आता पाळणे बटणावर चालतात. ते दमत नाहीत, आणि त्यांच्यासाठी दूधही कुणी आणत नाही.